भिलाईची धूळ आणि प्रतिपिंडांची पट्टी

एप्रिल २०२१मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने दुर्ग जिल्ह्याला विळखा घातला, तेव्हा भिलाईतल्या शाळकरी मुलांनाही एक पांढरी प्लास्टिकची पट्टी ओळखीची झाली. नाकातला स्राव द्रावणात घोळवायचा, त्याचे काही थेंब पट्टीवर सोडायचे आणि लाल रेघ एक उमटते की दोन, हे श्वास रोखून पाहायचे. ती रेघ लाल का दिसते, हे विचारण्याची ती वेळ नव्हती. अशा बहुतेक पट्ट्यांत ती लाली सोन्याची असते. सुमारे ४० नॅनोमीटर व्यासाचे सोन्याचे कण पिवळे दिसत नाहीत, माणकासारखे लाल दिसतात. त्या कणांवर प्रतिपिंडे बसवलेली असतात. प्रतिपिंड विषाणूचे प्रथिन पकडते आणि सोने त्या पकडीला रंग देते. गर्भधारणेच्या घरगुती चाचणीचीही रीत हीच.

म्हणजे प्रतिपिंड आणि नॅनोकण यांची जोडी जुनीच आहे. तिच्यात शोध घेण्याचे काम प्रतिपिंडाचे आणि वर्दी देण्याचे काम नॅनोकणाचे. आता ही जोडी उलटी फिरवण्याची कल्पना चर्चेत आहे : प्रतिपिंडांनी नॅनोकणच शोधायचे, रक्तात, मूत्रात, नदीच्या पाण्यात, मातीत. प्रयोगशाळेत ही कल्पना मर्यादित आणि नेमकी असते. मथळ्यात उतरेपर्यंत तिचे रूप असे होते की, थेंबभर रक्तातून शरीरात शिरलेले प्रदूषण दाखवणारी पट्टी आता आलीच म्हणून समजा. भिलाईसारख्या पोलादनगरीच्या संदर्भात हा मथळा दुहेरी फसवा आहे. प्रतिपिंडाला जे जमत नाही ते तो त्याच्या नावावर मांडतो, आणि जे आजच मोजता येते ते उद्याच्या पट्टीवर ढकलण्याची सोय करून देतो.

भिलाईच्या हवेत कोणते कण असणार, याचा अंदाज पोलाद बनवण्याच्या क्रियेवरूनच बांधता येतो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. ‘महामाया’ नावाची आठवी भट्टी २०१८ साली पेटली. डल्ली-राजहराच्या खाणींतले लोहखनिज या भट्ट्यांत वितळते आणि निघालेला रस पोलाद करण्यासाठी कन्व्हर्टरमध्ये जातो. तेथे त्यावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडतात. झोत आदळतो त्या जागी तापमान इतके चढते की, लोखंडाची चक्क वाफ होते. ही वाफ थंड होताना ऑक्सिजनशी संयोग पावते आणि तिचे अतिसूक्ष्म गोल कण बनतात. कारखान्यावर दिसणारा तांबूस-तपकिरी धूर तो हाच. त्याचा मोठा भाग धूळरोधक यंत्रे अडवतात, हे खरे. पण विजेच्या भाराने धूळ ओढणाऱ्या यंत्रांची पकड साधारण ०.१ ते १ मायक्रॉन या टापूत सर्वांत ढिली असते, हेही तितकेच खरे. खडबडीत धूळ पकडली जाते. जे फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचू शकते, त्याला निसटायला वाव राहतो.

आता प्रतिपिंडाकडे वळावे. हाफकिन संस्थेने सर्पविषावरची लस घोड्यांकडून बनवून घेतली, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असते. विष थोडेथोडे टोचायचे, घोड्याचे शरीर त्या विषातल्या प्रथिनांना ओळखणारी प्रतिपिंडे तयार करते, ती रक्तातून वेगळी काढायची. येथे ‘ओळखणे’ या शब्दाचा अर्थ मात्र फार अरुंद आहे. प्रतिपिंड हा सुमारे १० नॅनोमीटर लांबीचा रेणू. त्याच्या टोकाशी असलेली पकड समोरच्या पदार्थाच्या जेमतेम सात-आठ चौरस नॅनोमीटर पृष्ठभागाशी जुळते. ४० नॅनोमीटर व्यासाच्या कणाचा एकूण पृष्ठभाग सुमारे पाच हजार चौरस नॅनोमीटर भरतो. तेव्हा प्रतिपिंड कणाचा जो अंश चाचपते, तो सहाशे-सातशे भागांतला एक. त्या अंशाखाली काय आहे, कण केवढा आहे, गोल आहे की अणकुचीदार, आत लोह आहे की कार्बन, यांतले काहीही त्याला कळत नाही.

याचा पुरावा या क्षेत्रातल्या सर्वांत गाजलेल्या यशातच आहे. १९९८ साली कोलंबिया विद्यापीठातील बर्नार्ड अर्लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांकडून फुलरीनविरोधी प्रतिपिंडे मिळवली. फुलरीन म्हणजे कार्बनच्या ६० अणूंचा फुटबॉलसारखा पोकळ गोळा. तो एकटा टोचला तर शरीर त्याची दखल घेत नाही, म्हणून तो गाईच्या थायरोग्लोब्युलिन या प्रथिनाला जोडून टोचावा लागला. मिळालेली प्रतिपिंडे ६० अणूंच्या गोळ्याला चिकटली. ७० अणूंच्या गोळ्यालाही चिकटली. आणि २००१ साली त्याच गटाने दाखवले की, त्यांतले एक प्रतिपिंड कार्बनच्या नॅनोनळ्यांनाही चिकटते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे फार सुंदर काम होते. वक्र, जलविरोधी पृष्ठभागालाही प्रतिपिंडाची पकड बसू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. शोधनचाचणीच्या दृष्टीने मात्र तीच अडचण आहे : तीन निरनिराळे पदार्थ एकाच प्रतिपिंडाला सारखे वाटू शकतात. पुढे प्रयोगशाळेत प्रतिपिंडांचे तुकडे घडवून सोने, झिंक ऑक्साइड अशा पृष्ठभागांना चिकटणारी रूपेही तयार झाली. तीही स्वच्छ, उघड्या पृष्ठभागाला चिकटतात, आणि स्वच्छ, उघडा पृष्ठभाग ही प्रयोगशाळेबाहेर क्वचित भेटणारी वस्तू आहे.

रक्तात शिरलेल्या कणाचे काय होते पाहा. क्षणार्धात त्यावर प्रथिनांचा थर चढतो. २०१३ साली जर्मनीतील माइंत्सच्या संशोधकांनी दाखवले की, हे कवच अर्ध्या मिनिटाच्या आत तयार होते आणि त्यात जवळजवळ तीनशे निरनिराळी प्रथिने आढळतात. त्याच वर्षी डब्लिनच्या गटाने आणखी एक अप्रिय गोष्ट उघड केली : विशिष्ट पेशी शोधण्यासाठी कणावर मुद्दाम बसवलेले ट्रान्सफेरिन हे प्रथिनही या कवचाखाली गाडले जाते आणि आपले काम विसरते. जे बाहेरून आत जाणाऱ्याला लागू, ते शोधायला आलेल्या प्रतिपिंडालाही लागू. त्याच्यापुढे येतो तो भिलाईच्या चिमणीतून निघालेला लोहकण नसतो, तर त्या माणसाचे स्वतःचे अल्ब्युमिन आणि फायब्रिनोजेन पांघरलेला एक अनोळखी ऐवज असतो. अल्ब्युमिन शोधणारे प्रतिपिंड तेथे नक्कीच चिकटेल, पण ते रक्तात सगळीकडेच चिकटेल.

गंमत अशी की, प्रतिपिंडाने लोहयुक्त नॅनोकण शोधण्याची एक चाचणी भारतातल्या गावोगावच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज होते, आणि तिला कोणी नॅनोतंत्रज्ञान म्हणत नाही. ती म्हणजे फेरिटिनची चाचणी. फेरिटिन हा शरीराने स्वतः घडवलेला नॅनोकण आहे : २४ प्रथिन-उपघटकांचे सुमारे १२ नॅनोमीटर व्यासाचे कवच, आत आठ नॅनोमीटरची पोकळी आणि तिच्यात लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावण्याची सोय. ही चाचणी उत्तम चालते, कारण प्रतिपिंडाला जे ओळखायचे ते प्रथिन बाहेरच्या अंगाला आहे, दरवेळी तेच आहे, आणि त्याची रचना आधीपासून पूर्ण माहीत आहे. तरीसुद्धा ही चाचणी आतल्या लोहाविषयी थेट काहीच सांगत नाही. कवच भरलेले असो की रिकामे, प्रतिपिंडाला दोन्ही सारखेच. शरीरात दाह असेल तर लोहाचा साठा न वाढताही फेरिटिन वाढते. कोरोनाच्या रुग्णांचे अहवाल वाचलेल्या कोणालाही हे आठवेल. ज्या नॅनोकणाचे कवच तळहातासारखे परिचित आहे, त्याच्या बाबतीत प्रतिपिंडाची ही मर्यादा. मग ज्याचे कवच दर रुग्णागणिक बदलते त्याच्या बाबतीत पट्टीच्या एका रेघेवर निदान करण्याचे धाडस कोणत्या आधारावर करायचे?

मातीत आणि पाण्यात तर गोष्ट याहून कठीण. दुर्ग परिसरातला शेतकरी मातीला भाटा, मटासी, डोरसा, कन्हार अशी नावे देतो. त्यांतली भाटा ही तांबडी, मुरमाड, जांभ्याच्या जातीची जमीन. तिचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडांमुळेच. भिलाईची आयआयटी ज्या कुटेलाभाटा येथे आहे, त्या गावाच्या नावातच हा शब्द आहे. अशा मातीत हेमटाइट आणि गोथाइट यांचे नैसर्गिक नॅनोकण मुळातच असतात, आणि पावसाळ्यात ते शिवनाथ नदीत उतरतात. समजा, उद्या लोह ऑक्साइडला अचूक ओळखणारे प्रतिपिंड खरोखरच मिळाले. ते शिवनाथच्या गढूळ पाण्यात बुडवले तर पट्टी लालच होईल, आणि कारखाना नसता तरीही लालच झाली असती. त्यातही सडलेल्या पाल्यापासून बनलेली ह्यूमिक द्रव्ये या कणांवर थर धरतात, म्हणजे नदीतही कण झाकलेलाच. ज्या चाचणीत कारखान्याची धूळ आणि बापजाद्यांची जमीन यांत फरक करता येत नाही, ती प्रदूषणाच्या खटल्यात दोन्ही बाजूंच्या वकिलांना सारखीच उपयोगी पडेल.

असा फरक करता येतो, आणि तो कशाने करता येतो, हे २०१६ साली लँकेस्टर विद्यापीठाच्या बार्बरा माहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर येथील ३७ मृत व्यक्तींच्या मेंदूच्या ऊतींत त्यांना मॅग्नेटाइटचे गुळगुळीत, गोल नॅनोकण आढळले. शरीरात आपोआप बनणारे मॅग्नेटाइट बहुधा कोनदार स्फटिकांच्या रूपात असते. गोल कण मोठ्या उष्णतेतून वितळून गोठल्याची खूण देतात. सोबत प्लॅटिनम, निकेल, कोबाल्ट या धातूंचे अंशही होते. त्या कणांनी स्मृतिभ्रंश होतो, हे या अभ्यासाने सिद्ध केलेले नाही, तशी घाई कोणी करू नये. पण कण बाहेरून, भट्टीतून किंवा इंजिनातून आले असावेत हा युक्तिवाद आकार, स्फटिकरचना आणि सोबतचे धातू या तीन साक्षींवर उभा आहे. त्या तिन्ही साक्षी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि चुंबकमापक यांनी दिल्या. प्रतिपिंड त्यांतली एकही देऊ शकले नसते.

मग पट्टीचे आकर्षण इतके का? तिचे समर्थक एक रास्त मुद्दा मांडतात : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक कोट्यवधींचा, तो चालवणारा तज्ज्ञ दुर्मीळ, नमुना तयार करण्यात दिवस जातात, पट्टी स्वस्त, ती आरोग्यसेविकेच्या पिशवीत मावते. एका अंगाने हे मान्यच केले पाहिजे. कणाचा पृष्ठभाग माणसाने घडवलेला आणि कायम तोच असेल, तेथे प्रतिपिंडाला तोड नाही. पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे बहुवारिक औषधी नॅनोकणांवर, आरएनए लसींतल्या मेदकणांवरही मुद्दाम बसवतात. त्याला ओळखणारी प्रतिपिंडे उपलब्ध आहेत आणि असे औषध रक्तात किती काळ टिकते हे मोजण्यास ती वापरता येतात. कणांवरच्या प्रथिन-कवचात कोणता भाग वर तोंड करून बसला आहे, याचा नकाशाही डब्लिनच्या गटाने २०१५ साली प्रतिपिंडांच्या साहाय्याने काढला. हे सारे अस्सल विज्ञान आहे. त्याचे श्रेय उचलून ते धुराड्याच्या धुरावर चिकटवणे, हा त्या विज्ञानाचाच अवमान आहे.

शिवाय स्वस्त पट्टी की महागडा सूक्ष्मदर्शक, हा पेचच बनावट आहे. हवेतले नॅनोकण मोजण्याचे एक तिसरे, बरेच जुने तत्त्व उपलब्ध आहे. १८८०च्या दशकाच्या अखेरीस जॉन एटकिन या स्कॉटिश संशोधकाने धूलिकणांवर वाफ जमवून त्यांचे थेंब केले आणि ते थेंब मोजले. आजची कणगणक यंत्रे तेच करतात : ब्युटेनॉलची किंवा पाण्याची वाफ कणावर जमते, कण फुगतो, प्रकाशझोतातून जाताना चमकतो आणि मोजला जातो. कण कशाचा आहे हे त्यातून कळत नाही. पण दर घनसेंटिमीटर हवेत किती कण आहेत, रात्रपाळीत ते वाढतात का, वारा कारखान्याकडून वाहत असताना वाढतात का, हे तासातासाला कळते. पट्टीने हेही कधी कळणार नाही.

हे यंत्र भिलाईत बसवण्याची सक्ती कोणाला का नाही, याचे उत्तर प्रयोगशाळेत सापडत नाही. ते राजपत्रात सापडते. १८ नोव्हेंबर २००९च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांत बारा प्रदूषके आहेत. त्यांत पीएम २.५ची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आणि पीएम १०ची ६० मायक्रोग्रॅम. दोन्ही वजनात. आता साधे गणित करावे. २.५ मायक्रॉन व्यासाचा एक कण आणि २५ नॅनोमीटर व्यासाचे कण यांची तुलना केली तर व्यासात शंभरपट अंतर, म्हणून वजनात दहा लाखपट. तराजूच्या एका पारड्यात धुळीचा एक कण टाकला तर दुसऱ्यात तोल साधायला त्याच घनतेचे दहा लाख नॅनोकण लागतील. वजनावर आधारलेले मानक या दहा लाखांना ‘एक’ म्हणते. जानेवारी २०१९मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात छत्तीसगडमधून कोरबा आणि रायपूर यांच्याबरोबर भिलाईचेही नाव आहे. त्या कार्यक्रमाची प्रगती मोजली जाते ती प्रामुख्याने पीएम १०वर. रस्त्यांवर पाणी मारून, झाडलोट करून हा आकडा खाली आणता येतो. कन्व्हर्टरच्या धुरातील अतिसूक्ष्म अंशाला त्या झाडूचा स्पर्शही होत नाही.

कारखान्याच्या आतले चित्र आणखी विलक्षण आहे. २०२५पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीनुसार कामाच्या जागेच्या हवेत लोह ऑक्साइडच्या धुराची आठ तासांची अनुज्ञेय सरासरी घनमीटरमागे ५ मिलिग्रॅम होती, तीही त्यातल्या लोहाच्या वजनात. हा सारा धूर ५० नॅनोमीटरच्या कणांचा आहे असे धरले, तर दर घनसेंटिमीटरला कणांची संख्या कोटीच्या पुढे जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अतिसूक्ष्म कणांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात, बाहेरच्या हवेत २४ तासांच्या सरासरीने घनसेंटिमीटरमागे १०,००० कणांपुढची संख्या ‘उच्च’ समजावी, असे म्हटले आहे. तुलना अर्थातच कागदी आहे : इतक्या दाटीत कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, आणि कामाची जागा व बाहेरची हवा यांची मोजपट्टी एक नसते. तरीही सहस्रपट अंतर पाहून कोणा तरी अधिकाऱ्याने निदान दचकायला हरकत नव्हती. युरोपीय संघाने २०२४च्या निर्देशात अतिसूक्ष्म कणांची कमाल मर्यादा ठरवली नाही, पण ते मोजणे बंधनकारक केले. मर्यादा कितीची असावी यावर वर्षानुवर्षे वाद घालता येतो. वाद घालण्यासाठी आकडे तर हवेत.

याउपर भिलाईतल्या विद्यार्थ्यांनी काय करायचे, असा प्रश्न विचारला जाईल, आणि तो विचारला गेलाच पाहिजे. पट्टीची वाट पाहण्याची गरज नाही, कारण लोहकणांचा एक गुण प्रतिपिंडाहून विश्वासू आहे : ते चुंबकाला दाद देतात. रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवर बसलेल्या धुळीचे चुंबकत्व मोजून शहराच्या कोणत्या भागात लोहकणांचा मारा अधिक, याचा नकाशा काढण्याची पद्धत जगभर रूढ आहे. तिला लागणाऱ्या चुंबकीय मापनांचे ज्ञान पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत आहे. हवेच्या नमुन्यांचे पृथक्करण करणारी ‘नीरी’ हावडा-मुंबई मार्गावर काही तासांच्या अंतरावर, नागपुरात १९५८पासून उभी आहे. सेक्टर ९च्या रुग्णालयात कामगारांच्या पिढ्यान्‌पिढ्यांवर उपचार झाले आहेत. कण कोठून आला हे पानांनी सांगावे, किती आले हे गणक यंत्राने, कशाचे आहेत हे सूक्ष्मदर्शकाने. आणि शरीरावर काय परिणाम झाला हे पाहताना, दाहाची दर्शक प्रथिने मोजण्यासाठी, प्रतिपिंडांना सन्मानाने बोलवावे. ते त्यांचे खरे काम, आणि त्यात ती निष्णात आहेत.

डल्ली-राजहराच्या खाणकामगारांनी १९८३ साली स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमांतून शहीद रुग्णालय सुरू केले, तेव्हा त्यांनी अधिक चांगल्या तंत्रज्ञानाची वाट पाहिली नव्हती. टाउनशिपमधल्या कडुनिंबांची पाने गोळा करायला तर वर्गणीही लागत नाही. प्रत्येक चौकातून सारख्याच उंचीवरची, सारख्याच वयाची पाने घ्यावीत, कारखान्यापासूनचे अंतर आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवावी, आणि तुलनेसाठी वाऱ्याच्या उलट बाजूच्या एखाद्या दूरच्या खेड्यातलीही तितकीच पाने आणावीत. हे सारे जूनच्या आधी उरकले पाहिजे. पहिल्याच जोरदार सरीत पानांवरची धूळ शिवनाथकडे वाहून जाते.